युरोपची सहल स्वतः आखताना: शहरं नंतर, आधी रात्री मोजा

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईहून चौघं जण: नवरा-बायको, १० वर्षांची मुलगी आणि ६८ वर्षांची आई. मे महिन्यात १५ दिवसांची सुट्टी. यादीत पॅरिस, ॲमस्टरडॅम, स्वित्झर्लंड, व्हेनिस, रोम आणि जमलं तर लंडन. टूर कंपनी नको, सगळं स्वतः करायचंय. मग सुरुवात विमानाच्या तिकिटापासून करावी की व्हिसापासून?

दोन्हींच्या आधी एक काम आहे. कोणत्या शहरात किती रात्री राहणार, हे कागदावर लिहून काढा. व्हिसाचा अर्ज कोणत्या देशाकडे करायचा, विमान कुठे उतरवायचं आणि कुठून परत घ्यायचं, हॉटेलं कुठली, रेल्वेची तिकिटं कधी काढायची, हे सगळं त्या कागदावरून ठरतं. तो कागद पक्का नसताना तिकीट काढलं, की पुढची प्रत्येक गोष्ट त्या तिकिटाच्या सोयीने करावी लागते.

शहर बदलण्याचा दिवस जवळजवळ पूर्ण जातो, हे आधी मान्य करा. गाडी तीन तासांची असली तरी सकाळी बॅगा भरणं, ११ पर्यंत खोली सोडणं, स्टेशन गाठणं, प्रवास, नव्या शहरात हॉटेल शोधणं आणि तीनशिवाय खोली न मिळणं, हे सगळं त्यातच आलं. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असेल, तर त्या दिवशी संध्याकाळी पाय मोकळे करण्यापलीकडे काही होत नाही. तुमची सहा ठिकाणं घेतली तर असे पाच दिवस जातात. येण्या-जाण्याचे दोन धरले, तर १५ पैकी आठच दिवस हातात उरतात. म्हणून माझा हिशेब सोपा आहे: दोन आठवड्यांत मुक्काम चार, त्याहून जास्त नाहीत.

तुमच्या यादीतून मी ॲमस्टरडॅम आणि लंडन काढेन. उरलेला मार्ग एका सरळ रेषेत येतो: पॅरिस ४ रात्री, स्वित्झर्लंडमधलं इंटरलाकेन ४, व्हेनिस २, रोम ३. एकूण १३ रात्री. उतरायचं पॅरिसला, परत निघायचं रोमहून. पॅरिस ते इंटरलाकेन बासलला गाडी बदलून पाच-साडेपाच तास लागतात. इंटरलाकेन ते व्हेनिस मिलानमार्गे सहा-सात तास, हा सगळ्यात लांबचा टप्पा. व्हेनिस ते रोम थेट वेगवान गाडीने सुमारे चार तास. ॲमस्टरडॅम पॅरिसहून साडेतीन तासांवरच आहे, पण उलट्या दिशेला. तिथे जाऊन मग स्वित्झर्लंडला उतरायचं म्हणजे दोन दिवस प्रवासातच जातील.

आता लंडन. ब्रिटन शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात नाही, त्यामुळे त्याचा व्हिसा वेगळा, फी वेगळी, कागदपत्रं वेगळी. पासपोर्ट एका वेळी एकाच ठिकाणी असू शकतो, म्हणून दोन्ही अर्ज एकामागून एक करावे लागतात. ब्रिटनचा व्हिजिटर व्हिसा प्रवासाच्या तीन महिने आधीपर्यंतच मागता येतो, निर्णयाला साधारण तीन आठवडे धरायचे. शेंगेनचा अर्ज सहा महिने आधी करता येतो. म्हणजे आधी शेंगेन, पासपोर्ट हातात आला की ब्रिटन. लंडन घ्यायचंच असेल तर मार्गाच्या टोकाला घ्या: मुंबई-लंडन, मग लंडनहून रेल्वेने पॅरिस. मधे घेतलंत, म्हणजे पॅरिस-लंडन-पॅरिस असं केलंत, तर शेंगेनमध्ये दोनदा प्रवेश होतो आणि एकेरी प्रवेशाचा व्हिसा असेल तर परत येताना लंडनच्या स्टेशनवरच तुम्हाला थांबवतात, कारण फ्रान्सची पासपोर्ट तपासणी गाडीत बसण्याआधी तिथेच होते.

शेंगेन व्हिसात लोक सर्वात जास्त चुकतात ते अर्ज कुठल्या देशाकडे करायचा यात. २९ देशांसाठी व्हिसा एकच, पण अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडे, म्हणजे जिथे सर्वात जास्त राहणार तिथे. दिवस शहरानुसार नाही, देशानुसार मोजतात. वरच्या आराखड्यात फ्रान्स ४, स्वित्झर्लंड ४, इटली २ आणि ३ मिळून ५. अर्ज इटलीकडे. व्हेनिसची एक रात्र काढून पॅरिसला दिलीत तर फ्रान्स ५, स्वित्झर्लंड ४, इटली ४ आणि अर्ज फ्रान्सकडे. दिवस समसमान असतील तर ज्या देशातून पहिल्यांदा शेंगेनमध्ये शिरणार तो. अमुक देशाची अपॉइंटमेंट लवकर मिळतेय म्हणून आराखडा कागदावर एक आणि मनात एक, असं करू नका. सीमेवर हॉटेलची बुकिंगं विचारू शकतात, आणि व्हिसा खोट्या हेतूने घेतला असं दिसलं तर तो रद्द करण्याचा अधिकार त्यांना आहे. एका देशाची अपॉइंटमेंट खरंच मिळत नसेल, तर रात्रींची वाटणी प्रत्यक्षातच बदला आणि त्या वाटणीप्रमाणे फिरा.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने ते १५ दिवस आधी स्वीकारतात. निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवस, ती ४५ दिवसांपर्यंत लांबू शकते. मे महिन्याच्या सुट्टीसाठी मार्चनंतर गर्दी इतकी होते की अपॉइंटमेंटच मिळत नाही, म्हणून अर्ज जानेवारी-फेब्रुवारीत जाऊ द्या. फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांच्या आतल्या मुलांना ४५, त्याहून लहान मुलांना माफ. व्हिसा केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. नकार आला तरी फी परत मिळत नाही. बोटांचे ठसे एकदा दिले की ५९ महिने चालतात. मुलगी १२ वर्षांखालची असल्याने तिचे ठसे घेणार नाहीत.

आधी चारही पासपोर्ट उघडा. शेंगेनमधून बाहेर पडल्यानंतर किमान तीन महिने मुदत उरली पाहिजे, पासपोर्ट गेल्या १० वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि घरात सगळ्यांत आधी तोच संपतो, तो पहिल्यांदा पाहा. आईच्या पासपोर्टवरचं नाव आणि बँक-पेन्शनच्या कागदांवरचं नाव वेगळं असेल (माहेरचं-सासरचं, किंवा आडनाव आधी की नंतर), तर आत्ताच तसं प्रतिज्ञापत्र करून ठेवा. विमानाच्या तिकिटावर नाव पासपोर्टवर छापलंय अगदी तसंच हवं. आपल्याकडे ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात बऱ्याचदा स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं, अशी दोन नावं असतात. ती दोन्ही तिकिटावर लिहायची. आडनावाचा रकाना कोरा असलेला पासपोर्ट असेल तर आखाती देशातून विमान बदलण्याआधी त्या कंपनीचा नियम विचारा. एकच नाव असलेल्या पासपोर्टवर संयुक्त अरब अमिरातीत प्रवेश देत नाहीत.

अर्जाच्या फाइलमध्ये सर्वात जास्त जीव घालावा असा कागद म्हणजे एका पानाचं पत्र आणि त्याखालचा तक्ता: तारीख, शहर, हॉटेलचं नाव, पुढचा प्रवास कशाने. या तक्त्यातली प्रत्येक रात्र हॉटेलच्या बुकिंगशी जुळली पाहिजे. तपासणारा माणूस तारखा शेजारी शेजारी ठेवतो आणि एक रात्र जरी मोकळी दिसली तरी ‘प्रवासाचा हेतू स्पष्ट नाही’ या रकान्यावर खूण होऊ शकते. बँक स्टेटमेंट किमान तीन महिन्यांचं, बँकेच्या शिक्क्यासह. काही देश सहा महिन्यांचं मागतात. त्यात अर्जाच्या आठवड्यात अचानक दोन-तीन लाख जमा झालेले दिसले, तर ते कुठून आले याचा कागद जोडा: एफडी मोडली असेल तर तिची पावती, बोनस असेल तर पगाराची चिठ्ठी. बाकी आयकर विवरणपत्रं, पगारपत्रकं, नोकरीवरून रजा मंजूर झाल्याचं पत्र. आईचा खर्च मुलगा करणार असेल तर त्याचं तसं पत्र आणि नातं दाखवणारा कागद. मुलीचा जन्मदाखला. विमान आणि हॉटेलची बुकिंगं रद्द करता येतील अशी पण खरी घ्या. दोनशे-चारशे रुपयांत मिळणारी ‘डमी’ तिकिटं दोन दिवसांत आपोआप रद्द होतात आणि तपासताना सापडत नाहीत.

प्रवास विम्याची किमान रक्कम ३०,००० युरो लागते आणि तो सगळ्या शेंगेन देशांत, प्रवासाच्या पूर्ण मुदतीत लागू असला पाहिजे. आपल्याकडच्या पॉलिसी डॉलरमध्ये असतात, ५०,००० डॉलरची घेतली की अट पूर्ण होते. पण आईसाठी तेवढ्यावर थांबू नका. रक्तदाब, मधुमेह, जुनी अँजिओप्लास्टी जे असेल ते प्रस्तावात लिहा आणि ‘आधीपासूनचे आजार’ या कलमाखाली नेमकं काय मिळतं ते वाचा. बऱ्याच स्वस्त पॉलिसींत ते पूर्ण वगळलेलं असतं.

पासपोर्ट परत आला की व्हिसाचा स्टिकर तिथेच, काउंटर सोडायच्या आधी वाचा. तीन गोष्टी. पहिली, ‘पासून-पर्यंत’च्या तारखा. दुसरी, प्रवेश किती: ‘०१’, ‘०२’ की ‘मल्ट’ (म्हणजे अनेकदा). तिसरी, राहण्याचे दिवस. यातला तिसरा आकडा लोक बघतच नाहीत. तारखांमध्ये सहसा १५ दिवसांची सवलत मिळवलेली असते, म्हणून २९ दिवसांचा पट्टा दिसतो आणि वाटतं तितके दिवस राहता येईल. राहता येतं फक्त तिसऱ्या आकड्याइतकं. त्यात येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरतात. १३ रात्रींचे १४ दिवस होतात. परतीचं विमान रात्री साडेबाराचं असेल तर पासपोर्ट तपासणी मध्यरात्रीनंतर होऊन १५वा दिवस सुरू होऊ शकतो, म्हणून रोमहून निघणारं विमान संध्याकाळचं किंवा दिवसाचं घ्या. हीच गल्लत मुंबईलाही होते. ६ तारखेच्या पहाटे २ चं विमान म्हणजे ५ तारखेला रात्री विमानतळ. पॅरिसच्या हॉटेलची पहिली रात्र मात्र ६ चीच.

विमानाचं तिकीट ‘मल्टी-सिटी’ पर्यायातून मुंबई-पॅरिस आणि रोम-मुंबई असं, एकाच पीएनआरवर काढा. पॅरिसहूनच परतीचं तिकीट स्वस्त दिसलं तरी रोमहून मागे जायचा खर्च आणि एक दिवस त्यात मिळवा, मग तुलना करा. स्वस्त पडतं म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं जोडू नका. पहिलं विमान उशिरा आलं तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं, आणि बॅग घेऊन पुन्हा चेक-इन करायला त्या देशात प्रवेश करावा लागतो, म्हणजे तिथला व्हिसा लागतो. जाण्याचा टप्पा न वापरता फक्त परतीचा वापरू, हेही चालत नाही. पहिला टप्पा चुकला की पुढचे सगळे आपोआप रद्द होतात. व्हिसा हातात नसताना घ्यायचं तिकीट रद्द करण्याचा खर्च दर माणशी किती, तो आकडा पैसे भरायच्या पानावर वाचा. चार तिकिटांचा मिळून तो किती होतो, त्यावरून थांबायचं की आत्ता काढायचं ते ठरवा.

मधे जर्मनीसारख्या शेंगेन देशात विमान बदलणार असाल, तर पासपोर्ट तपासणी पॅरिसला नाही, तिथेच होते. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेनच्या बाह्य सीमांवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे आणि पहिल्या प्रवेशाला चेहऱ्याचा फोटो घेतात. रांगा लांबतात. अशा ठिकाणी दोन विमानांमध्ये किमान अडीच-तीन तास ठेवा. आईसाठी व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. ती विमानाच्या दारापर्यंत येते आणि तपासणीची रांगही बहुतेक वेळा वेगळी मिळते.

रात्री ठरल्या, व्हिसा आला, की रेल्वे. फ्रान्समधल्या आणि इटलीतल्या वेगवान गाड्यांची तिकिटं विमानासारखी आहेत, जितकी आधी काढाल तितकी स्वस्त. साधारण तीन-चार महिने आधी विक्री सुरू होते. स्वस्त तिकीट त्याच गाडीला चालतं, गाडी चुकली की गेलं. स्वित्झर्लंडमध्ये आतल्या गाड्यांना घाई नाही. तिथे स्विस ट्रॅव्हल पास घेतलात तर आई-वडिलांबरोबर १६ वर्षांखालचं मूल फॅमिली कार्डवर फुकट फिरतं, ते कार्ड पासबरोबर मागून घ्या. पण पास म्हणजे सगळं फुकट नाही. युंगफ्राउयोखसारख्या वरच्या डोंगरगाड्यांवर २५ टक्केच सूट मिळते. ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, हवा विरळ असते. आईला हृदयाचा किंवा दम्याचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकीट नको. तसंही हे तिकीट आधी काढून ठेवू नका. त्या दिवशी सकाळी वरचा वेबकॅम बघा, ढग असतील तर दुसऱ्या दिवशी जा. इंटरलाकेनला चार रात्री ठेवल्या त्या यासाठीच.

व्हेनिसमध्ये हॉटेल निवडताना स्टेशनपासून किती मीटर हे बघू नका, मधे किती पूल येतात ते बघा. तिथल्या बहुतेक पुलांना पायऱ्या आहेत आणि २० किलोची बॅग प्रत्येक पायरीवर उचलावी लागते. सांता लुचिया स्टेशनजवळ, मधे पूल लागणार नाही अशा बाजूला, किंवा वापोरेत्तोच्या (तिथल्या बोट-बसच्या) थांब्याला लागून हॉटेल घ्या, थोडं महाग पडलं तरी. शहराबाहेर मेस्त्रेला राहिलात तर खोली स्वस्त आणि लिफ्टही असते, मात्र रोज दोनदा गाडी धरावी लागते.

आता वार बघा, कारण वारावरून शहरांचा क्रमसुद्धा हलू शकतो. पॅरिसची संग्रहालयं: लूव्ह्र मंगळवारी बंद, ओर्से सोमवारी बंद. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद असतात, महिन्याचा शेवटचा रविवार सोडून. १ मे फ्रान्स आणि इटली दोन्हीकडे सुट्टी, फ्रान्समध्ये ८ मे सुद्धा. स्वित्झर्लंडमध्ये रविवारी किराणा दुकानं बंद असतात, स्टेशनवरची चालू मिळतात. आयफेल टॉवरच्या लिफ्टची तिकिटं ६० दिवस आधी, कोलोसियमची ३० दिवस आधी उघडतात. कोलोसियमच्या तिकिटावर नाव असतं आणि दारावर ओळखपत्र बघतात. या दोन तारखा कॅलेंडरवर टाका. बाकीचं तिथे गेल्यावर ठरवलंत तरी चालेल.

पैशांचं: रोकड नोटा दर प्रवासाला माणशी ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच घेता येतात, पण इतकी लागतही नाही. चौघांत मिळून ३००-४०० युरो, २० आणि ५० च्या नोटांत, आणि थोडे स्विस फ्रँक. बाकी फॉरेक्स कार्ड. त्यावर युरो आणि फ्रँक दोन्ही भरा. फक्त युरो भरलेत तर स्वित्झर्लंडमध्ये प्रत्येक वेळी चलनबदलाचा आकार कापला जातो. हॉटेल खोली देताना अनामत म्हणून कार्डावर रक्कम रोखून ठेवतं. ती फॉरेक्स कार्डावर रोखली गेली तर परत यायला कित्येक दिवस जातात आणि तेवढे पैसे प्रवासात वापरता येत नाहीत, म्हणून तिथे क्रेडिट कार्ड द्या. दुकानातलं मशीन ‘रुपयांत की युरोत’ असं विचारतं. नेहमी युरो, स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक. रुपये निवडलेत की भाव मशीनवाला ठरवतो. दोन्ही कार्डांचा परदेशी वापर बँकेच्या ॲपमधून निघण्याआधी सुरू करा. ओटीपी भारतातल्या सिमवर येतो, तेव्हा ते सिम फोनमध्येच ठेवा, रोमिंग मुंबईतच चालू करा आणि डेटासाठी ई-सिम वेगळं घ्या.

टीसीएसबद्दल, म्हणजे पैसे भरतानाच आगाऊ कापल्या जाणाऱ्या कराबद्दल, एवढंच: एका आर्थिक वर्षात माणशी १० लाखांपर्यंतच्या परकीय चलन खरेदीवर तो लागत नाही. टूर पॅकेज घेतलंत तर पहिल्या रुपयापासून लागतो. त्याचे दर अर्थसंकल्पात बदलतात, बुकिंगच्या दिवशी विचारा. कापलेली रक्कम विवरणपत्रात वळती होते, त्यामुळे कोणाच्या पॅनवर कापली गेली ते लिहून ठेवा.

आणि खाण्याच्या पिशवीविषयी, कारण यावरून विमानतळावर बॅगा उघडतात. भारतातून युरोपीय संघात दूध आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, पनीर, श्रीखंड घरी ठेवा. चिवडा, भाजणी, मेतकूट, लोणचं, पोह्यांचं तयार मिश्रण चालतं, फक्त पाकिटावर दूध पावडर लिहिलेली नाही ना ते बघा. मे महिना आहे म्हणून पॅरिसच्या नातेवाइकांसाठी हापूसची पेटी न्यायचा विचार असेल, तर वनस्पती आरोग्य प्रमाणपत्राशिवाय ताजा आंबा चालत नाही. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्याच फळांना सूट आहे. आईची औषधं हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटांत, मूळ घटकाचं नाव लिहिलेल्या इंग्रजी प्रिस्क्रिप्शनसह, आणि प्रवासाच्या दिवसांपेक्षा पाच दिवसांची जास्त. पॉवर बँकही हातातल्याच बॅगेत, १०० वॉट-तासांच्या आतली. सामानात टाकलेली सापडली तर बॅग मागे राहते.